लशीवरून मतभेद असताना मोठा कार्यक्रम कसा घ्यावा

कोविडसारखी साथ चालू असताना चारपाचशे माणसे एका छताखाली जमवायची म्हटली, की संयोजकांच्या बैठकीतला पहिला तास लशीवर जातो. प्रमाणपत्र मागायचे का, लस न घेतलेल्यांना अडवायचे का, मास्कची सक्ती केली तर ती राबवणार कोण? सभागृहाच्या खिडक्या उघडतात का, हा प्रश्न शेवटच्या पाच मिनिटांत येतो किंवा येतच नाही.

हा क्रम उलटा करा. हवा, जागा आणि वेळ यांच्या उपायांना कुणाची संमती लागत नाही. खिडकी उघडली म्हणून कुणी दारावर हुज्जत घालत नाही. ते उपाय आधी पूर्ण करा. मग ज्या नियमांना माणसांचे सहकार्य लागते ते मोजकेच उरतात आणि वादाचा आवाकाही तेवढाच राहतो.

वाद कशावरचा आहे ते आधी ओळखा

लशीवरचे भांडण एक दिसले तरी त्यात तीन वेगळी भांडणे गुंतलेली असतात. पहिले वस्तुस्थितीचे: लस घेतलेल्याकडून संसर्ग पसरतो का? दुसरे मूल्यांचे: माझ्या शरीराचा निर्णय मोठा, की शेजारच्या आजारी माणसाची सुरक्षितता? तिसरे विश्वासाचे: हे नियम करणाऱ्यांवर भरवसा ठेवायचा का? वस्तुस्थितीच्या प्रश्नाला आकडे देता येतात. मूल्यांच्या प्रश्नावर आकडे फेकले तर माणूस चिडतो, कारण त्याने ते विचारलेलेच नसतात. त्याला पर्यायी वाट हवी असते. विश्वास उडालेल्या माणसाला आकडेही नको असतात आणि पर्यायही. आधी कुठे चूक झाली ते कुणीतरी मान्य करावे, एवढीच त्याची अपेक्षा असते.

ती चूक मान्य करण्यात कमीपणा नाही. कोविडचा विषाणू हवेतून पसरत नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०२० मध्ये ठासून सांगितले होते. पुढे २०२१ मध्ये बंद जागेतला हवेतला प्रसार तिनेच मान्य केला. मधल्या काळात लोकांनी दाराच्या कड्या पुसल्या आणि खिडक्या मात्र बंद ठेवल्या. हे आठवणीत असलेला माणूस दारावर शंका काढत असेल, तर त्याला अडाणी ठरवून काही साधत नाही.

वस्तुस्थितीबाबत स्वयंसेवकांना चार गोष्टी नेमक्या सांगता यायला हव्यात. एक, लशींच्या २०२० मधल्या मोठ्या चाचण्यांत लक्षणे असलेला आजार किती टळतो हे मोजले होते. संसर्ग पुढे जातो का, हे मोजण्यासाठी त्या आखलेल्याच नव्हत्या. दोन, गंभीर आजार आणि मृत्यू यांपासून लशीने मोठे संरक्षण दिले, विशेषतः वयस्करांना. हे नंतर अनेक देशांत पुन्हा पुन्हा दिसले. तीन, संसर्गापासूनचे संरक्षण काही महिन्यांत उतरते आणि विषाणूच्या ओमायक्रॉनसारख्या प्रकारासमोर आणखी कमी पडते. नोव्हेंबर २०२१ च्या अखेरीस ऑस्लोमधल्या एका मेजवानीला आलेल्या जवळजवळ सर्वांनी दोन डोस घेतले होते, तरी सुमारे तीन चतुर्थांश लोकांना लागण झाली. चार, दुष्परिणाम खरे आहेत आणि दुर्मिळही: एमआरएनए प्रकारच्या (फायझर, मॉडर्ना) लशीच्या दुसऱ्या डोसनंतर मुख्यतः तरुण पुरुषांत हृदयस्नायूचा दाह, अॅस्ट्राझेनेका आणि जॉन्सन अँड जॉन्सनच्या लशींनंतर रक्ताच्या गुठळ्या. दुष्परिणाम नाकारणारा स्वयंसेवक पुढचे वाक्य बोलण्याआधीच विश्वास गमावतो.

एक आकडा मात्र हमखास उलटा वाचला जातो. जुलै २०२१ मध्ये अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या प्रॉव्हिन्सटाउनला झालेल्या गर्दीनंतर राज्यातल्या ४६९ जणांना लागण झाल्याचे आढळले. त्यांपैकी ३४६ जणांचे, म्हणजे ७४ टक्क्यांचे, लसीकरण पूर्ण झाले होते. ‘म्हणजे लस घेतलेल्यांनाच जास्त होतो’ हा निष्कर्ष चुकीचा आहे. जमलेल्यांत लस घेतलेले जितके जास्त, तितके रुग्णांतही तेच जास्त दिसणार. सगळ्यांनीच लस घेतली असती तर रुग्णांतला आकडा १०० टक्के आला असता. तुलना करायची तर घेतलेल्या दर हजारांत किती आणि न घेतलेल्या दर हजारांत किती, हे पाहावे लागते. मात्र लस घेतलेल्या गर्दीतही साथ पसरू शकते, एवढे या घटनेने दाखवले, आणि तेही तितक्याच स्पष्टपणे सांगा.

हवेचा हिशेब

१० मार्च २०२० रोजी वॉशिंग्टन राज्यातल्या स्कॅजिट खोऱ्यात एका समूहगायन मंडळाची अडीच तासांची तालीम झाली. ६१ जण हजर होते. त्यांपैकी ५३ जण आजारी पडले, दोघे दगावले. बंद खोली, मोठ्याने गाणे आणि लांबलेला वेळ असे तिन्ही एकत्र आले होते. तुमच्या कार्यक्रमात यांतले काय कमी करता येईल, ते आधी पाहा.

समजा, सभागृह २० मीटर लांब, १५ मीटर रुंद आणि ५ मीटर उंच आहे. आत १,५०० घनमीटर हवा मावते. तासाला किमान ५ वेळा हवा बदलावी, हे अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राचे मे २०२३ मधले उद्दिष्ट. त्या हिशेबाने ताशी ७,५०० घनमीटर हवा लागते. जागतिक आरोग्य संघटनेची मार्च २०२१ ची मार्गदर्शिका माणशी सेकंदाला १० लिटर सांगते. ३०० माणसांसाठी ते ताशी १०,८०० घनमीटर होतात. दोन्हींतला मोठा आकडा धरा. दाटीच्या जागी जवळजवळ नेहमी माणशी हिशेबच मोठा निघतो.

आता सभागृहाच्या तंत्रज्ञाला एकच प्रश्न विचारा: बाहेरची ताजी हवा ताशी किती आत येते? ‘एसी जोरात आहे’ हे त्याचे उत्तर नव्हे. भिंतीवरचे स्प्लिट एसी आतलीच हवा गार करून फिरवतात, बाहेरची आणत नाहीत. समजा, ६,००० घनमीटर येते असे कळले. तूट ४,८०० ची. ती भरायला ताशी ५०० घनमीटर शुद्ध हवा देणारे हेपा (अतिसूक्ष्म कण अडवणाऱ्या गाळणीचे) प्युरिफायर दहा लागतील, नाहीतर माणसे १६५ च्या आसपास आणावी लागतील आणि तरीही ७,५०० चे उद्दिष्ट गाठायला असे तीन प्युरिफायर लागतील. प्युरिफायरच्या खोक्यावरचा आकडा सर्वांत वरच्या वेगाचा असतो. त्या वेगाला आवाज होतो, म्हणून भाषण सुरू होताच कुणीतरी वेग कमी करतो आणि सगळा हिशेब कोसळतो. मधल्या वेगाचा आकडा मागा आणि त्यावर संख्या ठरवा. पैसे कमी असतील तर २० इंची चौरस मर्व्ह-१३ दर्जाच्या (बारीक कण अडवणाऱ्या) चार फिल्टरांच्या भिंती करून वर बॉक्स फॅन, म्हणजे चौकोनी पंखा, बसवलेला कोर्सी-रोझेंथाल खोका चांगले काम देतो. फिल्टरवरचे बाण आतल्या बाजूला, पंखा हवा बाहेर फेकणारा, सगळे सांधे टेपने बंद आणि पंख्याचे कोपरे पुठ्ठ्याने झाकलेले, एवढे पाहा. कोपरे उघडे राहिले तर तिथून हवा परत आत ओढली जाते.

माणसांनी सोडलेला श्वास आत किती साचतो हे कळायला कार्बन डायऑक्साइडचा मीटर घ्या, पण अवरक्त किरणांनी मोजणारा. काही स्वस्त मीटर इतर वायूंवरून नुसता अंदाज बांधतात. सॅनिटायझर किंवा अत्तर जवळ आले तरी त्यांचा आकडा उसळतो. मीटर आधी उघड्यावर ठेवा. त्याचा आकडा ४२० ते ४५० पीपीएमच्या (हवेच्या दर दहा लाख भागांत इतके भाग) दरम्यान यायला हवा. आत तो बसलेल्या माणसाच्या डोक्याच्या उंचीला, खिडकी-दारापासून आणि कुणाच्याही तोंडापासून किमान दीड मीटर दूर ठेवा. मोठ्या सभागृहात तीन ठेवा, त्यांतला एक सर्वांत मागच्या कोपऱ्यात. शांत बसलेल्या प्रौढांना माणशी १० लिटर ताजी हवा मिळत असेल तर आकडा ९०० च्या थोडा वर स्थिरावतो. ८०० च्या आत राहिला तर उत्तम. १,२०० ओलांडले की मध्यंतर घ्या, दारे उघडा आणि माणसे बाहेर काढा. हे तुमच्या बैठकीत आधीच लिहून ठेवा, म्हणजे ऐनवेळी कुणाच्या मर्जीवर राहत नाही. आकडा स्थिरावायला अर्धा-पाऊण तास लागतो, त्यामुळे पहिल्या दहा मिनिटांतल्या कमी आकड्यावर हुरळू नका. प्युरिफायर विषाणू काढतो, कार्बन डायऑक्साइड नाही. म्हणून प्युरिफायरवर भिस्त असलेल्या जागी मीटर वास्तवापेक्षा वाईट चित्र दाखवतो, हेही लक्षात ठेवा.

मीटरचा आकडा मोठ्या पडद्यावर सर्वांना दिसू द्या. लस घेतलेला आणि न घेतलेला दोघेही तो एकाच नजरेने वाचतात. वाद थंड करायला याहून चांगले साधन नाही.

दारावरची तापमापक बंदूक आणि जंतुनाशकाच्या फवाऱ्याचा बोगदा, दोन्ही काढून टाका. लागण झालेल्या अनेकांना ताप नसतो. माणसांवर जंतुनाशक फवारू नये, हे जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२० मध्येच सांगितले आहे. देखाव्याचा एक नियम कामाच्या पाच नियमांची किंमत घालवतो.

चाचणी आणि मास्क

रॅपिड अँटिजेन चाचणी लस घेतलेल्याला आणि न घेतलेल्याला सारखीच लागू करता येते, म्हणून ती कमी भांडणाची. पण तिचा निकाल काही तासांपुरताच खरा असतो. जुलै २०२१ मध्ये नेदरलँड्समधल्या उट्रेक्टच्या व्हर्क्निप्ट संगीत महोत्सवाला दोन दिवसांत सुमारे २०,००० लोक आले. लस, चाचणी किंवा आजारातून बरे झाल्याचा दाखला यांपैकी एक पुरेसा होता, आणि चाचणी ४० तासांपर्यंत जुनी चालत होती. सुमारे हजार जणांना लागण झाली. ४० तासांत माणूस दोन रात्री बाहेर जाऊन येतो. कार्यक्रमाच्या दिवशी, शक्यतो दारावर किंवा निघण्याआधी घरी केलेलीच चाचणी धरा.

दारावर चाचणी घ्यायची तर आधी रांगेचे गणित करा. दोन तासांत १,००० माणसे आत घ्यायची म्हणजे मिनिटाला आठ-नऊ. नमुना घेण्यापासून निकाल वाचेपर्यंत २० मिनिटे धरली, तर कोणत्याही क्षणी सुमारे १७० माणसे निकालाची वाट पाहत असतील. ती उघड्यावर थांबायला हवीत. बंद गॅलरीत थांबवली तर संसर्ग तिथेच होईल. पट्टी माहितीपत्रकात दिलेल्या मिनिटांतच वाचा. उशिरा उमटलेली पुसट रेघ धरायची नसते. ‘C’ (नियंत्रण) या अक्षरासमोरची रेघ उमटली नाही तर चाचणी बाद. बहुतेक किट २ ते ३० अंश तापमानात ठेवायचे असतात. उन्हात उभ्या गाडीत राहिलेले वापरू नका.

सर्वांत महत्त्वाचा हिशेब पुढचा आहे. अशा किटसाठी जागतिक आरोग्य संघटनेची किमान अट अशी: १०० बाधितांपैकी ८० सापडावेत आणि १०० निरोगींपैकी ९७ निरोगीच ठरावेत. हजारांत ५ बाधित असतील तर किमान दर्जाचे किट ४ पकडेल, १ सोडेल आणि सुमारे ३० निरोगींना बाधित ठरवेल. म्हणजे दारावर अडवलेल्या ३४ जणांपैकी ३० निरोगी! तिथे भांडण होणारच, आणि त्यांचा राग खोटाही नसतो. म्हणून जास्त अचूक किट घ्या. पहिला निकाल बाधित आला तर लगेच दुसऱ्या कंपनीच्या किटने पुन्हा तपासा. आणि परत पाठवावे लागले तर तिकिटाचे पूर्ण पैसे जागच्या जागी द्या. पैसे बुडणार असतील तर माणूस लक्षणे लपवतो.

मास्क सक्तीचा केला तर तो एन-९५ किंवा एफएफपी-२ दर्जाचा असू द्या, आणि दारावर मोफत. एकूण संख्येच्या तिसऱ्या हिश्श्याइतके जास्तीचे ठेवा, त्यांत दोन-तीन आकार. झडप असलेला मास्क बाहेर सोडलेला श्वास गाळत नाही. दाढीमुळे कडा बसत नाही. नाकाजवळची पट्टी दाबली नाही तर चष्म्यावर वाफ धरते, आणि तेच गळतीचे लक्षण. खाणेपिणे आत ठेवले तर मास्कचा नियम कागदावरच राहतो. ते उघड्यावर न्या.

बार्सिलोनात १२ डिसेंबर २०२० रोजी बंद सभागृहातल्या संगीत कार्यक्रमात अशी योजना तपासून पाहिली गेली: त्याच दिवशी अँटिजेन चाचणी, एन-९५ मास्क, खेळती हवा, नाचायला मोकळीक, अंतराची अट नाही. आत गेलेल्या ४६३ जणांपैकी आठवड्याभराने कुणीही बाधित निघाले नाही. बाहेर राहिलेल्या ४९५ पैकी दोघे निघाले. एवढ्या लहान आकड्यांवरून मोठा दावा करता येत नाही, पण रचना अनुकरण करण्याजोगी आहे. लशी तेव्हा सर्वसामान्यांपर्यंत पोचल्याच नव्हत्या.

लशीची अट घालायचीच असेल तर

गर्दीला लशीची अट ही कोविडने आणलेली नवी गोष्ट नाही. २००० सालच्या हज यात्रेनंतर मेंदुज्वराची साथ अनेक देशांत गेली. त्यानंतर चार प्रकारच्या मेंदुज्वर-जिवाणूंवरची लस यात्रेकरूंना सक्तीची झाली, आणि ती पोचण्याच्या किमान १० दिवस आधी घ्यावी लागते. ही अट टिकली, कारण ती आधीपासून माहीत असते, सर्वांना सारखी असते आणि कशासाठी आहे हे स्पष्ट असते. तुमच्या अटीत हे तिन्ही आहे का?

विषाणूचा प्रकार सतत बदलणारा आणि लशीचे संरक्षण लवकर उतरणारे असेल, तर वर्षभरापूर्वीच्या प्रमाणपत्रावरून आज दारात उभा असलेला माणूस संसर्ग आणतो आहे का, हे फारसे कळत नाही. अशा वेळी एकट्या प्रमाणपत्राऐवजी सर्वांची त्या दिवशीची चाचणी जास्त उपयोगी, असे आमचे स्पष्ट मत आहे. गंभीर आजारी पडणाऱ्यांची संख्या आटोक्यात ठेवायची असेल तर मात्र लशीला तोड नाही. तेव्हा अट घातली तर कारणही तेच लिहा. ‘येथे येणारे सर्व सुरक्षित’ असे लिहाल तर पहिला रुग्ण निघताच खोटे पडाल.

अट तिकीटविक्रीच्या आधी जाहीर करा. दोन डोसांमधले अंतर आणि त्यानंतरचे दोन आठवडे धरता किमान आठ आठवडे, आणि डोसांतले अंतर मोठे असेल तर त्याहून जास्त, हाती हवेत. वैद्यकीय सवलत कोण देणार, अर्जाची शेवटची तारीख कोणती आणि उत्तर किती दिवसांत मिळणार, तेही तिथेच. आणि तुमची सवलत सरकारी नियमाला ओलांडू शकत नाही, हे ठळक लिहा. जानेवारी २०२२ मध्ये नोव्हाक जोकोविचकडे ऑस्ट्रेलियन ओपनच्या प्रक्रियेतून मिळालेली वैद्यकीय सवलत होती. सीमेवर ती पुरली नाही, व्हिसा रद्द झाला आणि १६ जानेवारीला त्याला देश सोडावा लागला. दोन यंत्रणांचे नियम जुळतात का, हे आधी तपासायचे काम संयोजकांचे.

प्रमाणपत्र तपासताना क्यूआर कोड स्कॅन करा आणि नाव ओळखपत्राशी जुळवा. नुसता मोबाइलवरचा फोटो पाहणे म्हणजे न तपासणेच. माणशी २० सेकंद धरले तर एका रांगेतून तासाला १८० जण जातात, म्हणजे तासात हजारांसाठी सहा रांगा. नेटवर्क गेले तरी चालणारे अॅप ठेवा, कागदी प्रमाणपत्रही स्वीकारा. प्रत काढू नका, यादी करू नका, लस न घेतलेल्यांना वेगळ्या रंगाचे पट्टे बांधू नका. रंगीत पट्ट्याने संसर्ग थांबत नाही. माणूस मात्र दिवसभर चारचौघांत उघडा पडतो.

नियमांचा कागद, आणि विरोधकांशी बैठक

कागद एका पानाचा. प्रत्येक नियमापुढे चार गोष्टी: काय, कुणाला, कशासाठी, कधीपर्यंत. चौथी गोष्ट जवळजवळ सगळे विसरतात. न संपणारा नियम लोकांना सापळा वाटतो. नमुना असा: ‘सभागृहात सर्वांनी एन-९५ मास्क घालावा, व्यासपीठावर बोलणारा एकटा माणूस वगळून. कारण: शेजारी दोन तास बसायचे आहे. जिल्ह्यातली रुग्णसंख्या सलग दोन आठवडे ठरलेल्या पातळीखाली राहिली तर हा नियम काढला जाईल.’ ती पातळी आणि ती कुठे पाहायची, दोन्ही लिहा.

नियम पाहुण्यांना आणि संयोजकांना सर्वांत आधी लागू. ब्रिटनचे तेव्हाचे पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांना त्यांच्याच सरकारच्या निर्बंधांचा भंग करून कार्यालयातल्या मेजवानीला हजर राहिल्याबद्दल एप्रिल २०२२ मध्ये दंड झाला. लोकांच्या लक्षात निर्बंधांची कारणे राहिली नाहीत, मेजवान्या राहिल्या. पहिल्या रांगेतले मास्कशिवायचे छायाचित्र तुमच्या कार्यक्रमाचेही तेच करील.

कागद पक्का होण्याआधी, आणि लशीची अट घालायची असेल तर ती जाहीर करण्याच्याही आधी, दहा-बारा जणांना बोलवा. लशीला ठाम विरोध असणारे दोघे-तिघे, प्रतिकारशक्ती कमी असलेला किंवा अशा रुग्णाची काळजी घेणारा एक, एक डॉक्टर, दाराची जबाबदारी घेणारा एक. दीड तास पुरे. पहिल्या फेरीत प्रत्येकाने एवढेच सांगायचे: ‘कोणती गोष्ट नसेल तर मी येऊ शकणार नाही?’ लस चांगली की वाईट, हा प्रश्न सभापतीने चर्चेला घेऊच नये. तो दीड तासात सुटणारा नाही. या फेरीत बहुधा दिसते की विरोध करणाऱ्याला प्रमाणपत्र दाखवणे नको आहे, चाचणी चालेल, आणि काळजीत असलेल्याला इतरांचे प्रमाणपत्र नको आहे, हवेशीर कोपरा आणि मास्क घातलेले शेजारी हवे आहेत. दोघांच्या मागण्या एकमेकींना छेदतही नाहीत. ज्यांच्या नाहीच जुळल्या त्यांच्यासाठी थेट प्रक्षेपण आणि पूर्ण परतावा.

दारावर

प्रत्येक रांगेला दोघे: एक तपासणारा, एक बोलणारा. दारापासून दहा पावलांवर एक टेबल, रांगेच्या नजरेआड. हुज्जत सुरू झाली की बोलणारा त्या माणसाला टेबलाशी नेतो, कारण रांगेसमोर कुणालाच माघार घेता येत नाही. वाक्ये आधीच घोटून घ्या: ‘लशीबाबत तुमचे मत बदलायला मी इथे नाही. आज आत जायला चाचणी किंवा प्रमाणपत्र लागते. चाचणी मोफत आहे, वीस मिनिटे लागतील. नको असेल तर पैसे आत्ता परत देतो.’ एवढेच, आणि शांत आवाजात. तीन मिनिटांत सुटले नाही तर निर्णय देणारी व्यक्ती एकच, तिचे नाव सर्व स्वयंसेवकांना माहीत. प्रमुख पाहुण्याच्या भावाला एकदा सोडले की त्या दिवसापुरता नियम संपला.

मोबाइलवर चित्रण करणाऱ्याचा फोन हिसकावू नका. तेच वाक्य तसेच पुन्हा म्हणा. उलट बाजूही सांभाळा: मास्क न घातलेल्या माणसावर प्रेक्षकांतून कुणी ओरडत असेल, तर ओरडणाऱ्यालाही थांबवायचे काम स्वयंसेवकांचेच आहे.

कार्यक्रमानंतर

तिकिटासोबत संपर्क क्रमांक घेतले असतील तर तिसऱ्या आणि सातव्या दिवशी एकेक संदेश पाठवा: लक्षणे असतील तर चाचणी करा, बाधित निघाल्यास या क्रमांकावर कळवा. पहिली चाचणी निर्दोष आली तरी लक्षणे असणाऱ्याने ४८ तासांनी पुन्हा करावी. कळवणाऱ्याला लशीबद्दल विचारू नका. आसन कुठे होते आणि किती वेळ तिथे बसला, एवढे विचारा आणि त्या वेळच्या मीटरच्या नोंदीशी जुळवा. एकाच कोपऱ्यातले चार जण निघाले तर हवा तिथे पोचत नाही, पुढच्या वेळी प्युरिफायर तिथे. एकूण आकडा आठ-दहा दिवसांनी सर्वांना जाहीर करा, कमी असो वा जास्त. मग संपर्क क्रमांकांची यादी पुसून टाका आणि पुसल्याचेही कळवा.